गेमची कसली आलीय समीक्षा, म्हणे

आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड परत फिरतंय. पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, पण व्हिडिओ गेम म्हणजे नुसता टाइमपास, त्याची कसली आलीय समीक्षा, असा सूर. चार मुद्दे आहेत आणि शेवटी पुरावा म्हणून रॉजर एबर्टचं नाव, की बघा, एवढा मोठा अमेरिकन सिनेसमीक्षक, तोसुद्धा म्हणाला की गेम कधीच कला होऊ शकत नाहीत. आमच्या काकांनीच टाकलंय आणि त्यावर धडाधड अंगठे आलेत, तिथे भांडत बसण्यापेक्षा इथे लिहितो.

आधी एबर्टचंच घेऊ. तो असं म्हणाला होता हे खरंय, एप्रिल २०१० मध्ये. पण त्याच वर्षी जुलैमध्ये त्याने परत लिहून कबूल केलं की स्वतः न खेळता आपण या विषयात तोंड उघडायलाच नको होतं. मत सोडलं नाही त्याने, तेवढा हट्टी होता, पण हा दुसरा भाग फॉरवर्डमध्ये कसा काय गळतो कोण जाणे.

मुद्दा एक, "गेम जिंकता येतो, कविता जिंकता येत नाही." हा एबर्टचाच मुद्दा आहे आणि चारातला त्यातल्या त्यात दमदार. पण जिंकणं-हरणं आलं की अर्थ संपला, हे कुठून आलं? ज्ञानेश्वरांच्या नावाने सांगितला जाणारा मोक्षपट आठवा. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण. तिथे उपदेश कोणी वाचून दाखवत नाही, कवड्या टाकल्या आणि सापाच्या तोंडी गेलात की तो तुमच्यावरच घडतो. नियमांतून काहीतरी म्हणायचं ही गोष्ट आपल्याला नवीन नाहीये हो.

मुद्दा दोन, "काय घडणार ते खेळणाराच ठरवतो, मग लेखक कुठे राहिला?" इथे मला 'पेपर्स, प्लीज' बद्दल सविस्तर बोलायचंय. लुकस पोप नावाच्या माणसाने जवळपास एकट्याने केलेला २०१३ चा गेम. आर्स्टोत्झ्का नावाचा काल्पनिक देश, १९८२ साल, आणि तुम्ही सीमेवरच्या चौकीतले कारकून. पासपोर्ट घ्यायचा, तारीख बघायची, फोटो बघायचा, हिरवा नाहीतर लाल शिक्का मारायचा. माणशी ५ क्रेडिट मिळतात. दिवसाला पहिल्या दोन चुका माफ, पुढे दंड. संध्याकाळी हिशोबाचा स्क्रीन येतो, भाडं, जेवण, घर गरम ठेवायचा खर्च, आणि खाली घरच्यांची यादी, कोण उपाशी, कोण आजारी.

हा गेम मी दिवाळीत काकांनाच खेळायला दिला होता. काका सरकारी कचेरीतून रिटायर झालेत, शिक्का मारायला हात शिवशिवतच असतात. एक नवरा आला, कागद एकदम चोख, जाता जाता म्हणाला मागे माझी बायको आहे, जरा सांभाळून घ्या. बायको आली तर प्रवेशाचा परवाना नाही. काकांनी क्षणभर पण विचार केला नाही, "अपूर्ण कागदपत्रं" म्हणत लाल शिक्का. पुढची चार-पाच माणसं झाल्यावर मला विचारतात, त्या बाईला माफीतल्या चुकीत बसवता आलं असतं का रे? आलं असतं. ती पहिलीच चूक असती, दंडही पडला नसता. काकांनी ठरवलं हे खरं, पण तो नवरा, ती रांग, ते ५ क्रेडिट आणि त्या दोन माफ चुका पोपने मांडून ठेवल्या होत्या. लेखक आणखी कुठे शोधायचा?

मुद्दा तीन, मुलं बिघडतात, पैसे बुडतात. यात रमीची ॲप्स आणि बाकीचे गेम एकाच पोत्यात भरलेत. २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदासुद्धा पैसे लावून खेळायचे गेम वेगळे काढतो, फॉरवर्ड काढत नाही. आता लूट बॉक्स, म्हणजे आत काय निघेल ते माहीत नसताना पैसे देऊन उघडायची पेटी, हा लुबाडायचाच धंदा आहे असं माझंही मत, बेल्जियमने तर २०१८ मध्ये तो जुगारात धरला. पण गेम तुम्हाला कुठे आणि कसा अडकवतो हे नीट उलगडून सांगणं हीच तर समीक्षा! आणि बिघडण्याचं म्हणाल तर १९१३ मध्ये फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, अण्णा साळुंके यांना लुगडं नेसावं लागलं, इतकं सिनेमाचं नाव चांगलं होतं.

मुद्दा चार, आपल्याकडे लिहिण्यासारखं आहेच काय. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये आला. राक्षसांनी पळवलेल्या लहान भावाला शोधायला निघालेली मुलगी, वरून दुर्गा आणि विष्णू तिच्याबद्दल बोलतायत, मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांतून. आपल्याकडे यावर जे काही लिहून आलं त्यातलं माझ्या वाचनात आलेलं बहुतेक सगळं "आपला गेम, अभिमान वाटतो" या छापाचं, नाहीतर ग्राफिक्स इतके, कंट्रोल्स इतके, वॉशिंग मशीनचा रिव्ह्यू असल्यासारखे मार्क. म्हणजे फॉरवर्डवाल्यांनाच कशाला बोला, आपण गेमवालेही कमी नाही. मला त्या बाहुल्या प्रचंड आवडल्या, पण देव सतत बोलत राहिल्यामुळे राजी एकटी पडलीय असं कधी वाटतच नाही, मारामाऱ्या पुढेपुढे त्याच त्याच होतात आणि गोष्ट तर हातातला घास काढून घ्यावा तशी मध्येच संपते. यावर कोणी माझ्याशी भांडायला तयार असेल तर या, काका सोडून, त्यांनी तो अजून खेळलेला नाही.