सनद म्हणजे घराच्या आराखड्याला मंजुरी नव्हे

गोव्यातील पेडणे, डिचोली, सत्तरी भागांत सध्या मोबाईलवरून एक संदेश फिरत आहे. जमिनीची सनद, म्हणजे शेतजमिनीचा वापर बदलण्याचा सरकारी परवाना, हातात आली की घराचा आराखडा मनाप्रमाणे आखून काम सुरू करता येते, पंचायतीला नुसते कळवले तरी पुरे, असे त्यात म्हटले आहे. हे खरे नाही.

गोवा जमीन महसूल संहिता, 1968 खाली मिळणारी सनद केवळ शेतीची जमीन निवासासाठी वापरण्याची मुभा देते. त्या जमिनीवर काय आणि किती बांधायचे, याविषयी ती काहीच ठरवत नाही. हद्दीपासून सोडायचे अंतर, भूखंडाचा किती भाग व्यापायचा, उंची किती ठेवायची, हे 2010 च्या बांधकाम नियमावलीनुसार आणि जमीन नियोजनाच्या ज्या विभागात (झोनमध्ये) येते त्यानुसार ठरते. ग्रामीण भागात नगरनियोजन खात्याची तांत्रिक मान्यता आणि गोवा पंचायत राज कायदा, 1994 खालील परवाना, दोन्ही लागतात.

म्हणूनच राजांगण (घराच्या मधले उघडे अंगण), देवघर, म्हाताऱ्या आईवडिलांसाठी तळमजल्यावरची खोली आणि तिला लागून न्हाणीघर यांचा विचार अर्ज करण्यापूर्वी, घरच्या सगळ्यांनी एकत्र बसून व्हायला हवा. राजांगणाचा तर विशेष, कारण पावसाळ्यात तिथे पडणारे पाणी कोणत्या बाजूने बाहेर काढायचे, हे जोत्याची उंची ठरवतानाच पाहावे लागते. आयुष्यभराची पुंजी ओतून उभारलेली भिंत अशा एका संदेशापायी पाडावी लागू नये, एवढ्याच कळकळीने हा खुलासा करीत आहे.