डोक्यावरचा दहा

चिनी भाषेत विकत घेणं म्हणजे 'माय'. आणि विकणं म्हणजेही 'माय'. फरक फक्त सुराचा. घेताना आवाज खड्ड्यात उतरून पुन्हा वर यायला हवा, आपण कुणाच्या थापेवर 'अस्संऽऽ?' म्हणतो ना, तसा. विकताना तो वरून दाणकन खाली आदळायचा: 'गप!' शांघायमध्ये दोन वर्षं काढूनही माझा आवाज दोन्ही वेळा मधेच कुठेतरी लोंबकळायचा आणि भाजीवाली मुकाट्याने मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुढे करायची.

म्हटलं, बोलता येत नाही तर निदान लिहायला तरी शिकू. लाओशींनी, म्हणजे आमच्या बाईंनी, चौकोनांची वही हातात ठेवली. प्रत्येक चौकोनात तुटक रेघांची फुली असते, तिच्यावर अक्षर तोलून बसवायचं. चौरेघी वहीत माझा 'ळ' कधी रेघेत मावला नव्हता. पंचेचाळिशीत पुन्हा तीच शिक्षा.

विकण्याच्या 'माय'ला आठ रेघा. सगळ्यांत वर बेरजेच्या चिन्हासारखी खूण, तिचा स्वतंत्र अर्थ 'दहा'. तिच्याखाली उजव्या टोकाला आकडी असलेली आडवी रेघ, मग दोन ठिपके, पुन्हा एक आडवी, डावीकडे ओघळणारी एक तिरपी आणि शेवटी उजवीकडे एक ठिपका. डोक्यावरचा दहा उतरवला की उरलेल्या सहा रेघांचा होतो घेण्याचा 'माय'. 'घ' आणि 'ध'वरून मुलाला रागावणारा बाप मी. आता तोच मुलगा माझी वही तपासायचा.

खरी गोची झाली ती क्रमाची. आपण आधी अक्षर काढतो आणि मग त्याला वरून रेघ देतो. मीही आधी खालचं सगळं रेखलं आणि झोकात वरची रेघ ओढली. लाओशींचा चेहरा असा झाला, जणू मी आधी पायात बूट घातले आणि मग पँट.

"वरून खाली," त्या म्हणाल्या. "आणि दहा काढताना आधी आडवी, मग उभी."

"लाओशी, म्हणजे छप्पर आधी आणि भिंती नंतर?"

"हो."

यावर काय बोलणार? एक पान लिहिलं, दुसरं लिहिलं. जुन्या लिपीत या अक्षरात एक शिंपला होता, म्हणे, आणि घेण्याच्या 'माय'मध्ये त्या शिंपल्यावर जाळं. प्राचीन चीनमध्ये कवड्यांना मोल होतं, म्हणून. तैवान आणि हाँगकाँगमध्ये तो शिंपला अजून लिहितात. इकडे १९५६ पासून सरकारने अक्षरं सोपी करायला घेतली, त्या साफसफाईत या दोघांतली कवडी गेली. जगातल्या एवढ्या मोठ्या बाजारपेठेत खरेदी-विक्रीच्या अक्षरात फुटकी कवडी नाही, हे कळल्यावर मला उगाच बरं वाटलं.

मग नाशिकला परतायचं ठरलं आणि वॉशिंग मशीन विकायला काढायची वेळ आली. लाओशी म्हणाल्या, शिकलेलं अक्षर वापरा. फोनवर 'माय' टाइप केलं की दोन्ही अक्षरं हजर होतात, म्हणून तर इथल्या लोकांचीही हाताने लिहायची सवय मोडत चालली आहे. लेखणी उचलली आणि अक्षरच विसरलं, याला त्यांच्याकडे खास शब्दप्रयोग आहे. मी नाही विसरणार! मशीनचं नाव खोक्यावरून उतरवलं, 'माय' मात्र स्वतःच्या डोक्यातून लिहिला, खाली फोन नंबर टाकला आणि कागद सोसायटीच्या फाटकावर डकवला.

तासाभरात फोन सुरू झाले. प्रत्येक जण आपल्या मशीनचं कौतुक करत होता. मला वाटलं, चिनी शिष्टाचार असेल, घासाघीस करण्याआधी आपल्या घरचं सांगत असतील. संध्याकाळी बेल वाजली. दारात चौथ्या मजल्यावरच्या आयी. (इथे आईच्या वयाच्या बाईला 'आयी' म्हणतात, मूळ अर्थ मावशी.) सोबत दोन माणसं आणि हातगाडीवर एक मशीन.

बायको आतून म्हणाली, "अहो, आपण विकणार होतो ना?"

दहा! डोक्यावरचा दहा राहिला होता. माय मरो, मावशी जगो म्हणतात. इथे माझा 'माय' गेला होता आणि मावशी मशीन घेऊन दारात उभ्या होत्या. ते परत न्या म्हणायचं तर त्यासाठी लागणारं चिनी माझ्याकडे नव्हतं. शंभर युआनला सौदा झाला. आयींनी ढोकळ्यासारखं दिसणारं काहीतरी गोडही दिलं.

दुसऱ्या दिवशी मी फाटकावर कागद काढायला गेलो. वॉचमनने माझा हात धरला, खिशातून पेन काढलं आणि अक्षराच्या वर, इवल्याशा जागेत, आधी आडवी, मग उभी रेघ ओढली. दोन सेकंद.

मग त्याने दोन बोटं वर करून विचारलं, "दोन्ही?"