तात्पुरती नोंदणी आपोआप कायम होत नाही

‘एमबीबीएसनंतरची तात्पुरती नोंदणी वर्ष भरले की आपोआप कायम होते,’ असा मजकूर लातूर-नांदेडच्या ग्रुपांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. तात्पुरती नोंदणी १२ महिन्यांच्या सक्तीच्या इंटर्नशिपपुरतीच असते आणि तिच्या आधारे स्वतंत्र दवाखाना थाटता येत नाही. इंटर्नशिप पूर्ण झाल्याचा दाखला व पदवीची कागदपत्रे जोडून महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे वेगळा अर्ज केल्यावरच कायम नोंदणी मिळते. माझ्या फायलीत तात्पुरत्या व कायम नोंदणीची दोन प्रमाणपत्रे एकामागे एक लावलेली आहेत आणि दोन्हींवरच्या तारखा निराळ्या आहेत. (‘कायम’ म्हटले तरी दर ५ वर्षांनी नूतनीकरण चुकत नाही.) नव्या इंटर्न मुलांची यात फसगत होऊ शकते, म्हणून तो मजकूर कृपया पुढे पाठवू नये.