लाडक्या बहिणीचे पैसे नेमके कुणाच्या खिशातले?

निवडणूक आली की आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एक मजकूर न चुकता फिरतो. त्याचं सार असं: ‘टॅक्स भरणारे फक्त दोन टक्के. त्यांच्या घामाचा पैसा उमेदवार मतांसाठी वाटतात, कुणी २१०० म्हणतो, कुणी ३०००. फुकट मिळाल्यावर बायका कामाला येतील कशाला? आमदारांच्या पेन्शनी बंद करा, सगळा खर्च निघेल. नाहीतर महाराष्ट्राची श्रीलंका होणार.’ या वेळी तो माझ्या मेव्हण्यानंच टाकला. मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तीन-चार टॉवेल कारखान्यांची खाती लिहितो, जीएसटी भरतो. म्हटलं, बसून हिशेब मांडूच एकदा.

आधी ते दोन टक्के. इन्कम टॅक्स केंद्राचा आणि बायकांना महिन्याला १५०० रुपये देणारी लाडकी बहीण योजना राज्याची. केंद्र आपल्या करांतला वाटा राज्यांना देतं, पण पंधराव्या वित्त आयोगाच्या सूत्रानं त्या वाट्यातल्या दर १०० रुपयांपैकी महाराष्ट्राला मिळाले ६ रुपये ३२ पैसे. राज्याची तिजोरी मुख्यतः भरते ती जीएसटीतला राज्याचा हिस्सा, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, मुद्रांक शुल्क आणि दारू यांच्यावर.

आमच्या शेजारच्या अक्का विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कात्रीनं कापलेली पानं. हजार भरल्याशिवाय पाठ टेकत नाहीत. महिन्याला ३४९ चं रिचार्ज मारतात, त्यातले ५३ रुपये जीएसटीचे आणि त्यातले निम्मे राज्याचे. साबण, चप्पल, भांडी, सगळीकडं हेच. त्यांच्या हातची विडीसुद्धा कर भरूनच बाजारात जाते. १९७६ च्या कायद्यानं हजार विड्यांमागं उपकर घेत आणि त्या निधीतून विडी कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या चालत. जीएसटी आला आणि तो उपकर गेला. अक्का तुमच्या दोन टक्क्यांत नाहीत, कर भरणाऱ्यांत मात्र पक्क्या आहेत.

दारूचं तर वेगळंच. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क वाढवलं, वरचे १४ हजार कोटी अपेक्षित धरून. अक्कांचे यजमान तेव्हापासून म्हणतात, ‘तुझे पंधराशे मीच भरतो की.’ अक्का काही हसत नाहीत. मला मात्र हिशेबात चूक काढता आली नाही.

‘बायका कामाला येत नाहीत’ यावर फार बोलत नाही. १५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. पन्नास रुपयांसाठी कुणी काम सोडत असेल, तर त्या कामाचं पगारपत्रक बघावं. मी ती पत्रकं लिहितो.

हाच आक्षेप पूर्वी रोजगार हमीवरही घेतला गेला होता. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी सांगोल्याकडं खडी फोडायला जायची. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली ती योजना. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हे आश्वासन आजच्या कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा मोठं होतं. पण त्या वेळी नुसतं आश्वासन दिलं नाही, त्याच्यासाठी कर लावला: १९७५ चा व्यवसाय कर. मेव्हण्याच्या पगारातून ‘पी.टी.’ म्हणून दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात ना, तोच तो. वर्षाचे २५००. ही कमाल मर्यादा १९८८ च्या घटनादुरुस्तीनं ठरली, ती आजही तेवढीच. लाखाचा पगार असो की तीस हजारांचा, कापतात तेवढेच.

आता पेन्शन. माजी आमदार हजार धरा, प्रत्येकी महिन्याला लाख धरा, म्हणजे हात सैल सोडूनच. वर्षाचे झाले १२० कोटी. अडीच कोटी बहिणींना १५०० प्रमाणे वर्षाला लागतात ४५ हजार कोटी, म्हणजे दिवसाला १२३ कोटी. सगळ्या माजी आमदारांची पेन्शन बंद केली तर योजनेचा एक दिवसही धड निघत नाही. बंद करायची तर खुशाल करा, पण कारण दुसरं शोधा.

राहिली श्रीलंका. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असं धरलं, ते राज्यातल्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या (जीएसडीपी) सुमारे १९ टक्के. हे काही दिवाळं नव्हे. पण त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटींची होती. म्हणजे रोजचा खर्च भागवायलाच उधारी. इथं मेव्हण्याच्या मजकुरात थोडा दम आहे, फक्त त्यानं बोट भलतीकडं दाखवलं. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी आणि आदिवासी विकासचे ३३५ कोटी लाडक्या बहिणीकडं वळवले, तेव्हा सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच उघड नाराजी दाखवली. दोन टक्क्यांचा खिसा शाबूत राहिला. कात्री लागली ती दलित-आदिवासींच्या हक्काच्या निधीला.

२०२४ च्या विधानसभेच्या प्रचारात महायुतीनं महिन्याला २१०० म्हटलं, महाविकास आघाडीनं ३०००. २१०० ला वरचे १८ हजार कोटी लागतात, ३००० ला ४५ हजार. पुढच्या अर्थसंकल्पात योजनेला मिळाले ३६ हजार कोटी आणि २१०० चा पत्ता नाही. कोपरा सभेत एका कार्यकर्त्याला मी हे विचारलं होतं. तो म्हणाला, ‘साहेब, पैसा काय, येतोच की.’

मेव्हण्याला लिहिलं, पुढं पाठवायचंच असेल तर एवढंच पाठव: कुठला कर वाढवणार, की कुठलं खातं कापणार? त्यानं ते अजून पाठवलेलं नाही. संध्याकाळी पगारपत्रकाचा फोटो मात्र आला, ‘पी.टी.’ला लाल पेनानं गोल केलेला.