स्ट्रट बदलू पाहणाऱ्यांस चार वडीलकीचे शब्द

आपल्या गाडीने पंधरा वर्षे पूर्ण केली, पेठ रोडच्या आरटीओत तिची फेरनोंदणी झाली, पर्यावरण कर भरून झाला आणि नेमके त्यानंतरच गंगापूर रोडच्या गतिरोधकांवर पुढच्या डाव्या चाकातून ‘खडाक्’ असा आवाज येऊ लागला, तर सुज्ञ माणसाने सर्वप्रथम टेपचा आवाज वाढवावा. हा उपाय बिनखर्चाचा आहे आणि निदान दोन पावसाळे पुरतो. स्ट्रट, म्हणजे चाकाचे धक्के झेलणारी स्प्रिंगसकटची उभी नळी, एका रात्रीत मरत नाही, ही त्याची मोठी सोय आहे. आतले तेल सीलमधून थेंबाथेंबाने पाझरते, पिस्टनच्या झडपांचा जोर हळूहळू ओसरतो आणि तितक्याच बेताने आपली कंबरही त्या हेलकाव्यांना सरावत जाते. मागच्या सीटवरचे मामा द्वारका चौकात कळवळून ‘अरे, जरा बेताने’ असे म्हणालेच, तर त्यांना खिडकीबाहेर बोट दाखवावे. 2027 च्या सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते उकरलेले असताना गाडीला दोष देणारा माणूस नाशिककर म्हणवून घेण्यास पात्र नाही.

काही अतिउत्साही मंडळी आपल्याला परीक्षा घ्यायला सांगतील. बॉनेटचा एक कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडावा, गाडी एकदा वर येऊन स्थिर झाली तर स्ट्रट शाबूत आहे आणि गोदावरीतल्या होडीसारखी डुलत राहिली तर त्याचे आयुष्य सरले आहे, असे त्यांचे म्हणणे असते. ही परीक्षा चुकूनही घेऊ नये, कारण तिचा निकाल लागतो. त्याचप्रमाणे पुढच्या टायरवरून उघडा तळवा कधी फिरवू नये. जात्याला टाकी लावावी तसे ठरावीक अंतरावर पडलेले खळगे हाताला लागतात आणि चाक रस्त्यावर सलग टेकत नसून टुणटुण उडत चालले आहे, हे विनाकारण कळते. टायर फारच खडखडू लागले तर टायर बदलावेत. नव्या टायरांनाही स्ट्रट यथावकाश तशीच टाकी लावून देईल.

वास्तविक या बाबतीत आपण अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याचे ऋणी असायला हवे. 1940 च्या दशकात त्यांनी स्प्रिंगची बैठक, शॉक ॲब्सॉर्बर आणि चाक वळण्याचा कणा हे सारे एकाच उभ्या नळीत बसवले. सुटे भाग कमी झाले, खर्च घटला, इंजिनाभोवती जागा मोकळी झाली, आणि मारुती 800 पासून वॅगनआरपर्यंतच्या आपल्या लहान गाड्यांना पुढून हीच रचना मिळाली. पूर्वी चार भागांकडे स्वतंत्रपणे दुर्लक्ष करावे लागत असे. आता एकाकडे केले की पुरते.

तरीही कुणाच्या दबावामुळे गॅरेजमध्ये जाण्याची वेळ आलीच, तर मेकॅनिक चाक काढून नळीवर बसलेला तेल आणि धुळीचा काळा लेप आपल्याला दाखवील. तो लेप चिंधीने पुसून घ्यावा. पुसल्यावर नळी चकचकीत दिसते आणि मेकॅनिकही विरघळून ‘साहेब, काढाल अजून वर्षभर,’ असे म्हणतो. हे वाक्य कानावर पडताच गाडी खाली उतरवायला सांगावी.

यापुढचा उपाय रबराचा. स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये बसवायचा हा जाड बफर स्ट्रटच्या मानाने फारच स्वस्तात मिळतो, आणि गाडी चटकन उचलल्यासारखी दिसते, त्यामुळे पैसे वसूल झाल्याचे समाधान लाभते. येथे एक तांत्रिक बाब आपण मनावर घेऊ नये. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. दबलेली स्प्रिंग पुन्हा उसळते, तेव्हा त्या उसळीला लगाम घालणे एवढेच शॉक ॲब्सॉर्बरचे काम असते. रबराने स्प्रिंग ताठ होते आणि उसळी अधिक जोरकस होते, लगाम मात्र पूर्वीच सुटलेला असतो. कसारा घाट उतरताना वळणावर ब्रेक दाबल्यास याचा अनुभव संपूर्ण कुटुंबाला एकत्रितपणे घेता येतो.

नवा माल घेण्याचेच ठरले तर तो एकच घ्यावा. आवाज डावीकडून येतो, मग उजव्याला कशाला हात लावायचा, हा युक्तिवाद बिनतोड आहे. नवा डावा आणि थकलेला उजवा यांच्या ओढाताणीत गाडीचा स्वभाव थोडा तिरसट होईल इतकेच. ज्या शहराच्या औद्योगिक वसाहतीत गॅब्रिएलचा शॉक ॲब्सॉर्बरचा कारखाना आहे, तेथे डब्यावर नाव नसलेला माल शोधण्यास थोडी खटपट पडते, परंतु चिकाटी ठेवल्यास मिळतो. जोडी घेण्याची दुर्बुद्धी झालीच तर ती आणायला पुतण्याला पाठवावे. पुढचे स्ट्रट बहुधा डावे-उजवे वेगळे असतात हे त्याला ठाऊक नसल्यामुळे तो दोन्ही डावेच आणतो आणि काम आणखी आठवडाभर लांबते.

स्ट्रटचे वरचे टोक गाडीला जोडणारे माउंट आणि त्याखालचे बेअरिंग मात्र जुनेच ठेवावे. तेवढ्यासाठी पुन्हा सगळे खोलावे लागेल ही गोष्ट खरी, पण मजुरी पुन्हा देण्यात एक औदार्य आहे. स्प्रिंग दाबून धरणाऱ्या शिकंज्याशिवाय वरचा नट सोडणारा कारागीर भेटला, तर त्याचे धाडस दुरून पाहावे, फारच दुरून. व्हील अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेण्याचा, आग्रह धरणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा. स्ट्रटचे खालचे बोल्ट सैल झाले की चाकाचा कोन हलतो हे शास्त्र झाले. स्टिअरिंग किंचित वाकडे धरण्याची सवय दोन दिवसांत लागते.

एवढे करूनही चैन पडत नसेल, तर ‘यंदा गाडी काढायचीच आहे’ असे म्हणावे. हे वाक्य आपण गेली सहा वर्षे म्हणत आहात आणि त्याच्या बळावर सहा वेळा खर्च टळला आहे. यंदा खरोखरच गिऱ्हाईक आले, तर त्याच्या आधी खाली उतरून बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर रेलून उभे राहावे, हातात चहाचा कप असावा, आणि द्राक्षाचा भाव, अवकाळी पाऊस, मुलांची शिक्षणे असे काहीही बोलत राहावे, पण तेथून हलू नये.