विकलं काय आणि कमी पडलं काय

डिसेंबर २०१६ मधली सकाळ. रुग्णालयातली रात्रपाळी संपवून मी घरी न जाता इंग्लंडातल्या ओल्ड पोर्ट्समथच्या राऊंड टॉवरवर गेले. बंदराचं तोंड तिथे इतकं अरुंद आहे की बाहेर पडणारी बोट अंगावरून गेल्यासारखी वाटते. त्या दिवशी ब्रिटिश नौदलाची निवृत्त विमानवाहू बोट ‘एचएमएस इलस्ट्रियस’ निघाली होती. टगबोटी तिला ओढत होत्या आणि वाट तुर्कस्तानातल्या जहाजतोडणीच्या किनाऱ्याची होती. गर्दी बरीच होती, पण कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. माझ्या शेजारचे आजोबा टोपी छातीशी धरून उभे होते. तिच्या बहिणी ‘इन्व्हिन्सिबल’ आणि ‘आर्क रॉयल’ याच वाटेने आधीच गेल्या होत्या. इन्व्हिन्सिबल तर सरकारी लिलावाच्या संकेतस्थळावर विकायला काढली होती, जुनी जीप काढावी तशी.

व्हिडिओ काढून मी मालवणला बाबांना पाठवला. त्यांचं उत्तर लगेच आलं, “आता आपली विराटपण जातली.”

बाबांना विराटचं एवढं का, हे मला पोर्ट्समथला आल्यावर नीट कळलं. आपल्या नौदलाची विमानवाहू बोट विराट मूळची इथली. तिचं पहिलं नाव ‘एचएमएस हर्मिस’. ५ एप्रिल १९८२ रोजी ती याच बंदरातून अर्जेंटिनाविरुद्धच्या युद्धासाठी फॉकलंड बेटांकडे निघाली आणि त्या मोहिमेची ध्वजनौका होती. युद्धानंतर दोनच वर्षांत ब्रिटिश नौदलाने तिला बाजूला काढलं. १९८६ मध्ये भारताने ती विकत घेतली, १९८७ मध्ये तिचं नाव ‘आयएनएस विराट’ झालं आणि पुढची तीस वर्षं आपण ती चालवली. ब्रिटनला नको झालेली बोट आपल्या नौदलाने जवळजवळ एक पिढीभर सांभाळली. म्हणून “जुना लष्करी माल घेणं म्हणजे कमीपणा” असं कुणी म्हणालं की मला राग येतो. माल जुना असणं आणि माल निकामी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फॉकलंडच्या त्याच वर्षातली आणखी एक हकीकत इथल्या लोकांनी मला सांगितली, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. फेब्रुवारी १९८२ मध्ये ब्रिटनने खर्चकपातीपायी इन्व्हिन्सिबल ऑस्ट्रेलियाला १७.५ कोटी पौंडांना विकायचं ठरवलं होतं. हर्मिसही निवृत्तीच्या यादीत होती. २ एप्रिलला अर्जेंटिनाने फॉकलंडवर सैन्य उतरवलं आणि ज्या दोन बोटींना घालवायचं ठरत होतं त्याच दोन बोटी घेऊन ब्रिटनला आठ हजार मैल लांब युद्ध लढावं लागलं. इन्व्हिन्सिबलची विक्री मग रद्द झाली. हल्ला थोडा उशिरा झाला असता तर एक बोट ऑस्ट्रेलियात आणि दुसरी मोडीत, असं चित्र असतं. इथे राहून मी शिकले ते हे: लष्करी सामान विकताना फार चुकतं ते किमतीत नाही, वेळेत. हातात दुसरं काही येण्याआधी पहिलं सोडून दिलं जातं.

आता घरच्या वादाकडे येते. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लष्कराच्या भंगार लिलावाची बातमी आली की दोन तट पडतात. एका बाजूचं म्हणणं, “जवानांना बूट नाहीत आणि तुम्ही गाड्या भंगारात काढता, हा देशद्रोह आहे.” दुसऱ्या बाजूचं, “लष्कराला प्रश्न विचारायचे नाहीत.” आणि मग कुणीतरी मला लिहितं, “ताई, तुमच्या इंग्लंडात असं होतं का?” तिथे मी हो किंवा नाही लिहून सुटू शकत नाही, म्हणून हा लेख.

इंग्लंडात असं होतं. फार मोठ्या प्रमाणावर होतं. लिंकनशायरमध्ये लष्कराच्या सोडलेल्या गाड्यांचे लिलाव होतात. लँड रोव्हर, ट्रक, जनरेटर, तंबू, ज्याला हवं त्याने यावं आणि बोली लावावी. शेतकरी घेतात, गिर्यारोहण शिकवणाऱ्या संस्था घेतात, हौशी लोक घेतात. मोठ्या गावांत सरप्लसचं, म्हणजे सैन्याचा जादा माल विकणारं, दुकान असतं. लष्करी छपाईचं जॅकेट घालून इथे माणसं मासे पकडायला बसतात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. आपल्याकडे हे असं चालणार नाही, आणि त्याचं कारण खरं आहे. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे लष्करी वेषात आले होते. २०२२ मध्ये भूदलाने नवा लढाऊ गणवेश आणला तेव्हा त्याच्या नक्षीची नोंदणी करून उघड्यावरची विक्री बेकायदा ठरवली, ते योग्यच केलं. ब्रिटनच्या सवयी जशाच्या तशा आपल्याकडे नकोत.

पण सरप्लसच्या दुकानातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. २०१७ च्या ऑक्टोबरात माझ्या मावसभावाचा फोन आला. तो पायदळात आहे आणि तेव्हा त्याची बदली काश्मीरच्या वरच्या भागात झाली होती. “ताई, तिकडे मिलिटरीचे थंडीतले हातमोजे मिळतात म्हणे. मला मिळालेत, पण मापाचे नाहीत. बोट ट्रिगरवर नीट बसत नाही.” मी दुसऱ्याच दिवशी दुकानात गेले. ब्रिटिश सैन्याचे, न वापरलेले, आतून अस्तर असलेले हातमोजे टोपलीत ढीग करून ठेवले होते, जोडी चौदा पौंडांना. मी तीन जोड्या घेतल्या आणि पाकीट करताना रडले. एका देशाचं सैन्य जे ढिगाने टाकून देतं ते दुसऱ्या देशाच्या शिपायाने बहिणीकडे मागून घ्यावं, हे मला सहन झालं नाही.

तेव्हा मला वाटलं होतं की इथल्या सैन्याला कशाची वाण नसणार. नंतर कळलं की तसं मुळीच नाही. मार्च २००३ मध्ये इराकमध्ये शिरताना ब्रिटिश सैन्याकडे चिलखती जॅकेटं पुरेशी नव्हती. एका सार्जंटने आपलं जॅकेट काही दिवस आधी दुसऱ्यासाठी परत दिलं, कारण सगळ्यांना पुरत नव्हती. २४ मार्चला अझ झुबैरजवळ तो गोळी लागून मेला. मागणी वेळेत नोंदवली असती तर जॅकेटं आली असती; पण युद्धाची तयारी चालली आहे असं दिसू नये म्हणून मंत्र्यांच्या पातळीवर ती काही आठवडे रोखून धरली होती. त्याच वर्षाच्या शेवटी ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने आणखी एक गोष्ट लिहिली: १९९९ च्या कोसोव्हो मोहिमेपासून सुमारे दोन लाख जॅकेटं वाटली होती, गरजेपेक्षा कितीतरी जास्त, आणि ती नाहीशी झाल्यासारखी दिसतात. दोन लाख. म्हणजे माल घेतला होता, पैसे भरले होते, आणि ज्या दिवशी तो हवा होता त्या दिवशी कुठल्या गोदामात आहे हे कुणाला सांगता येत नव्हतं.

यावरून मला आपला ‘कंडम’ हा शब्द आठवतो. आपल्या सैन्यात वस्तू कंडम ठरली की तिचा कागद पूर्ण होतो, तिचा ढीग वेगळा होतो, लिलाव होतो. टाकायच्या वस्तूचा हिशोब आपण नीट ठेवतो. द्यायच्या वस्तूचा तसाच ठेवतो का, हा माझा प्रश्न आहे.

आपल्याकडची आकडेवारी गुपित नाही. २००९ मध्ये १,८६,१३८ बुलेटप्रूफ जॅकेटं घ्यायला मंजुरी मिळाली. मोठा करार झाला एप्रिल २०१८ मध्ये, ६३९ कोटी रुपयांना. मध्ये २०१६ मध्ये तातडीने ५० हजार घेतली होती, पण मंजुरी ते करार यात नऊ वर्षं गेली. २०१२ मध्ये तेव्हाच्या लष्करप्रमुखांनी पंतप्रधानांना लिहिलेलं पत्र बाहेर आलं, त्यात रणगाड्यांना लागणारा महत्त्वाचा दारूगोळा नाही असं होतं. २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या, म्हणजे सरकारी खर्चाचा हिशोब तपासणाऱ्या संस्थेच्या, अहवालात सियाचीन आणि इतर उंच भागांतल्या जवानांबद्दल लिहिलं आहे की नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात त्यांना बहुउपयोगी बूट मिळाले नाहीत आणि असलेलेच दुरुस्त करून वापरावे लागले. बर्फातल्या चष्म्यांची तूट ६२ ते ९८ टक्के होती. लष्कराने उत्तर दिलं की हे जुन्या काळाचं चित्र आहे आणि आता सुधारणा झाली आहे. ते खरं असेल तर मला आनंदच आहे. पण त्या अकरा महिन्यांत तिथे उभ्या असलेल्या पोराचे पाय त्याच अकरा महिन्यांत गारठले.

ग्रुपवरच्या पहिल्या तटाला मी हेच सांगते. जी वस्तू विकली जाते आणि जी कमी पडते ती बहुतेक वेळा एक नसते. विराट २०२० मध्ये ३८.५४ कोटींना भंगारात गेली. २०१८ च्या करारातल्या दराने बघितलं तर तेवढ्यात साधारण अकरा हजार जॅकेटं येतात. हे गणित मीही एकदा ग्रुपवर टाकलं होतं आणि आता मला ते चुकीचं वाटतं. जॅकेटं नऊ वर्षं अडली ती अकरा-बारा हजारांच्या पैशांवाचून नाही. चाचण्या, निविदा, फेरनिविदा आणि निर्णय कुणी घ्यायचा यात अडली. सगळं भंगार विकलं किंवा काहीच विकलं नाही, तरी त्या नऊ वर्षांतला एक दिवसही कमी झाला नसता.

विराटबद्दल मात्र माझं दुःख वेगळं आहे, आणि ते सिंधुदुर्गातल्या प्रत्येकाचं असावं. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती निवतीजवळ समुद्रात ठेवून संग्रहालय करायच्या ८५२ कोटींच्या प्रस्तावाला मान्यता दिली होती. बाबांनी वर्तमानपत्राचं ते पान जपून ठेवलं आहे. दोन वर्षांनी बोट गुजरातमधल्या अलंगच्या जहाजतोडणीच्या किनाऱ्यावर चढवली गेली. त्याआधी जुन्या विमानवाहू विक्रांतचंही तेच झालं. मुंबईत वर्षानुवर्षं संग्रहालय म्हणून उभी होती, २०१४ मध्ये साठेक कोटींना विकली गेली आणि मुंबईतच दारूखाना या जहाजतोडणीच्या जागी तोडली. तिच्या पोलादातलं थोडं पुढे मोटरसायकलच्या टाकीत गेलं. पोर्ट्समथला अठराव्या शतकातली युद्धनौका ‘व्हिक्टरी’ अजून उभी आहे आणि शाळेतली मुलं रांगेने ती बघायला येतात. तरीही मी म्हणेन, ८५२ कोटी बोटीला की बर्फातल्या बुटांना, असं निवडायची वेळ आली तर बुटांना. माझ्या बाबांनाही हे मान्य आहे, जड मनाने.

ब्रिटनची चूक मला जास्त भयानक वाटते ती हॅरियर विमानांच्या बाबतीत. २०१० च्या कपातीत ती काढली आणि पुढच्या वर्षी ७२ विमानं अमेरिकेला ११.६ कोटी पौंडांना विकली, मुख्यतः सुट्या भागांसाठी. विमानवाहू बोटीवरून उडणारं स्वतःचं लढाऊ विमान पुढे कित्येक वर्षं या देशाकडे नव्हतं. अलीकडे युक्रेनला स्वतःच्या ‘एएस-९०’ तोफा दिल्यावर जागा भरायला स्वीडनच्या १४ ‘आर्चर’ तोफा आणल्या. युक्रेनला देणं मला मान्य आहे, पण चौदा म्हणजे चौदाच.

दुसऱ्या तटाला, म्हणजे “प्रश्न विचारायचे नाहीत” म्हणणाऱ्यांना, मला त्या सार्जंटच्या मृत्यूची पुढची गोष्ट सांगायची आहे. डिसेंबर २००६ मध्ये ऑक्सफर्डला त्याच्या मृत्यूची उघड चौकशी झाली. त्याच्या बायकोने ती लावून धरली होती. अनैसर्गिक मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने तो विलंब अक्षम्य आहे असं जाहीरपणे म्हटलं. २०१३ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हलक्या कवचाच्या लँड रोव्हरमध्ये मेलेल्या सैनिकांचे नातेवाईक संरक्षण मंत्रालयावर दावा लावू शकतात. त्या बायकांना, आयांना कुणी सैन्याच्या विरोधातलं म्हटलं नाही. माझ्या वॉर्डात माजी सैनिक येतात. त्यांच्याशी बोलताना मला कळलं की त्यांना या बायकांबद्दल केवढा आदर आहे.

आपल्याकडे कॅग आहे आणि ती काम करते. पण कॅगचा अहवाल येतो तो गेलेल्या वर्षांचा, आणि त्यात माणसाचं नाव नसतं, टक्केवारी असते. साहित्य न मिळाल्यामुळे जवान गेला असेल किंवा कायमचा जायबंदी झाला असेल, तर त्या एका प्रकरणाची उघड चौकशी मागायचा हक्क त्याच्या घरच्यांना असावा. गुप्त ठेवायचं ते गुप्त ठेवा. हातमोज्याचं माप गुप्त नसतं.

गेल्या गणपतीला मी घरी होते. भाऊही सुट्टीवर आला होता. आरती झाल्यावर ओटीवर हाच वाद पेटला. काका म्हणाले, सैन्याला प्रश्न विचारून त्याचं मनोबल खच्ची करू नका. सगळ्यांनी भावाकडे बघितलं. तो बराच वेळ मोदकाची पाती सोडवत बसला होता. मग म्हणाला, “काका, तुम्ही विचारा. आम्हांला विचारता येत नाही.”

निघताना मी त्याला विचारलं, मी पाठवलेले हातमोजे अजून आहेत का, की नवीन आणू. एक जोडी फाटली, तो म्हणाला. बाकीच्या दोन, खाली उतरताना, तिथे नव्याने आलेल्या दोन मुलांना देऊन आलो.