बंदी हवीच, पण आधी भंगारवाल्याला विचारा

प्लॅस्टिकबंदी हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली तेव्हा पिशव्यांनी तुंबलेली गटारं सगळ्यांनी पाहिली. २३ जून २०१८ पासून राज्यात बंदीची अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा मनापासून बरं वाटलं होतं.

पण कारवाई होते कोणावर? मंडईबाहेर मेथीच्या जुड्या घेऊन बसलेल्या मावशींवर. पहिल्याच वेळी ५००० रुपये दंड. एका जुडीमागे त्यांना सुटतात किती? केंद्राच्या नियमांत पिशवीची किमान जाडी आधी ५०, मग ७५, आता १२० मायक्रॉन झाली; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मावशींनी ती मोजायची कशी? आणि शेजारच्या टपरीवर वेफर्सच्या, शाम्पूच्या पुड्यांच्या माळा बिनधास्त लटकतात, कारण त्या कायद्यात बसतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की काय बंद करायचं हे भंगारवाल्याला विचारून ठरवा. तो पाण्याची बाटली घेतो, फुटकी बादली घेतो, दुधाची पिशवी धुऊन वाळवलेली असेल तर तीही घेतो. वेफर्सचं पाकीट घेत नाही. आतून चंदेरी दिसणाऱ्या त्या पाकिटात वेगवेगळे थर एकमेकांना घट्ट चिकटवलेले असतात. ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून त्याला भाव नाही. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांसाठी झगडते आहे. कुठल्या मालाला भाव आहे हे कचरा वेचणाऱ्या बायकांच्या बोटांना कळतं. नियम लिहिताना त्यांना बोलवा ना!

केंद्राच्या २०१६ च्या नियमांत पुनर्चक्रीकरण न होणारं बहुस्तरीय प्लॅस्टिक दोन वर्षांत बंद करायचं, असं स्पष्ट लिहिलं होतं. २०१८ मध्ये मुदत भरत आली आणि वाक्यच बदललं. ज्यातून ऊर्जा मिळते किंवा ज्याचा दुसरा काही उपयोग होतो, त्याला सूट मिळाली. म्हणजे भट्टीत जाळता आलं की झालं! १ जुलै २०२२ च्या देशव्यापी बंदीत स्ट्रॉ आले, कान कोरायच्या काड्या आल्या, मिठाईच्या खोक्यावरचं वेष्टण आलं. ही पाकिटं तेव्हाही सुटली. याचा मला खरोखर संताप येतो.

कंपन्या म्हणतात, पर्याय नाही. एकाच जातीच्या प्लॅस्टिकची पाकिटं बनवता येतात. महाग पडतात, एवढंच. तो खर्च आज नाला साफ करणारा कामगार आणि पुराचं पाणी घरात घेणारी वस्ती सोसते आहे. दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत देण्याची तरतूद राज्याच्या २०१८ च्या अधिसूचनेत होतीच. तीच या पाकिटांना लावा, एका पाकिटामागे एक रुपया, आणि तो कंपनीने द्यायचा. ज्या कंपनीला हे जमणार नाही, तिचं पाकीट कारखान्यातच थांबवा.